अमो-सातचा पिवळा उजेड

१

सोमवारी सकाळी साडेदहाला, कामाची पाहणी करायला आलेल्या समितीच्या तीन पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, नीतू पटलेच्या दोन वर्षांच्या कामावर पाणी फिरलं. पडद्यावर पिवळा उजेड दिसायला हवा होता. दिसला निळा. पाहुण्यांतल्या एका बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि "मग आधीचे आकडे कुठून आले?" एवढंच विचारलं.

मला हे बुधवारी कळलं, कारण मला बुधवारी बोलावलं. मी सूक्ष्मदर्शकं दुरुस्त करतो. इंद्रकुमार रहांगडाले, वय अठ्ठावन्न, जन्म गोंदियाकडचा, मुक्काम नागपूर. लोक यंत्र बिघडलं म्हणून बोलावतात आणि निम्म्या वेळा यंत्र ठणठणीत निघतं. मग बिघाड माणसांत शोधावा लागतो. ते कुणाला आवडत नाही, मला मात्र आवडतं, कारण घरी जाऊन करण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. फोन वाजतो तो यंत्रांसाठीच.

प्रयोगशाळा बिरसीच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून. कापणी झाली होती, धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे रचलेले होते, आणि विमान शिकणाऱ्या मुलांची छोटी विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालत होती. आत चार खोल्या. त्यातली एक काळ्या पडद्यांची, तिथे ते यंत्र.

नीतूनं जे समजावलं ते सांगून टाकतो, कारण सगळं त्यावरच आहे. सिकलसेलच्या एका रुग्णाच्या पेशी काचेच्या डबीत जिवंत वाढवायच्या. त्यांच्या हिमोग्लोबिनला निळा चमकणारा रेणू जोडायचा. जे औषध तपासायचंय त्याला पिवळा. औषध आत शिरून हिमोग्लोबिनला चिकटलं, म्हणजे दोघं अगदी अंगाला अंग लावून बसले, की निळा आपला उजेड स्वतःजवळ ठेवत नाही, पिवळ्याला देऊन टाकतो, आणि पिवळा चमकतो. चिकटले नाहीत तर निळा एकटाच चमकत बसतो. पेशी न फोडता, आत काय जुळलं नि काय सुटलं, ते नुसता उजेड मोजून कळतं. मला हे एका दमात समजलं.

दोन वर्षं पिवळा येत होता. सोमवारी निळा आला. मंगळवारी नीतूनं एकटीनं नव्या डबीवर पुन्हा मोजलं तर परत पिवळा, आणि तिथेच ती पुरती अडकली. पाहुणे असले की निळा, एकटी असली की पिवळा. म्हणजे पोरगी आकडे घरी बसून बनवते, असा अर्थ लोकांनी काढला. शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर काम बंद होणार होतं आणि अहवालात तिच्या नावापुढे "बनावट" हा शब्द लागणार होता. तो शब्द लागला की पुढे कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करत नाही.

मी यंत्र दुपारभर तपासलं. यंत्र ठणठणीत होतं.

२

मग माणसं.

प्रमुख डॉ. दुर्गाप्रसाद कटरे. हा माणूस वीस वर्षं खेडोपाडी सिकलसेलची शिबिरं घेत फिरला आहे आणि आता खुर्चीतून उठत नाही. त्यांनी मला चहा पाजला, नीतू हुशार आहे असं तीनदा सांगितलं, आणि चौथ्यांदा "पण" म्हणाले. त्या यंत्राच्या भिंगाला आपण दोन वर्षांत डोळा लावलेला नाही, असंही म्हणाले.

दुसरा हिमांशू जायस्वाल. गोंदिया शहरातला, हिंदीत वाढलेला, जाड चष्म्याचा मुलगा. पेशींच्या डब्यांत औषध घालून ठेवायचं काम त्याचं. सोमवारची डबी त्यानं रविवारी येऊन तयार केली होती, रात्रभर औषध मुरावं म्हणून. मागच्या शोधनिबंधात त्याचं नाव सुटलं होतं, हे मला कटऱ्यांकडून कळलं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बुरा लगा था सर. पण म्हणून मी पेशींशी खेळणार का? नीतू माझी दुश्मन नाही." त्यानंतर तो चष्मा पुसत बसला.

तिसरी स्वतः नीतू. आमगावची, अठ्ठावीस वर्षांची, हळू बोलणारी. सोमवारपासून ती डबा एकटीच खात होती. तिच्याशी बोलणं कुणी थांबवलं नव्हतं, पण सुरूही कुणी करत नव्हतं. मी पेशी कुणाच्या असं विचारलं. म्हणाली, नाव आम्हाला ठाऊक नसतं. अर्जुनी मोरगावच्या शिबिरातला सातवा नमुना, म्हणून अमो-सात. तो रुग्ण आहे की गेला, तेही तिला माहीत नव्हतं.

"तुम्हाला कधी वाटत नाही विचारावंसं?" मी म्हटलं.

"विचारायचं नसतं," ती म्हणाली. "नियम आहे."

बोलताना एक बाई चहाचे कप ठेवून गेल्या. चमेलीबाई उईके, पन्नाशीच्या, लहानसर चणीच्या, प्रतापगडाकडच्या रानातल्या गावच्या. सकाळी सातला येऊन कुलूप उघडायचं, झाडायचं, आदल्या दिवशीच्या वापरलेल्या डब्या खालच्या फळीवरून काढून त्यात जंतुनाशक ओतायचं, हे त्यांचं काम. माठावर हिमांशूच्या हातची चिठ्ठी होती, "पनी भरून ठेवणे". मी ती वाचून हसलो तेव्हा त्याही हसल्या.

"हिमांशूभाऊच्या हाताले काना येतच नाई जी. पाणी लिहत नाई, पनी लिहते. काना मीच मनानं लावून घेते."

मी हसून चहा घेतला. अठ्ठावन्न वर्षांच्या, बिघाड शोधण्यावर पोट भरणाऱ्या माणसानं तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

३

या यंत्राला दोन नजरा आहेत. मोजणी होते ती पडद्यावर, त्यासाठी आत लेसर आहे. पण डबीत पेशी कुठे आहेत हे आधी शोधायला लागतं. त्यासाठी वर दोन डोळ्यांची भिंगं आणि मागे एक झगझगीत दिवा. तो दिवा अर्ध्या मिनिटाच्या वर चालू ठेवायचा नाही असा नीतूचा दंडक होता, आणि प्रत्येकानं किती वेळ लावला ते वहीत लिहायचं.

दिव्यालाही स्वतःची स्मरणशक्ती असते. तो एकूण किती जळला, हे त्याच्या पोटातला आकडा सांगतो. तो आकडा बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मी बुधवारी संध्याकाळी पाहिला. सहा महिन्यांपूर्वी दिवा नवा बसवला तेव्हापासून वहीपेक्षा साडेअकरा तास जास्त भरत होते. मी कागदावर भाग देऊन पाहिला. सुट्ट्या वगळून रोजची साधारण पाच मिनिटं.

भिंगांमधलं अंतर मी माझ्या डोळ्यांच्या मापाचं केलं, चौसष्ट मिलिमीटरवर. रबरी कडा खाली दुमडल्या, कारण मला चष्मा आहे. दिव्याचा आकडा लिहून घेतला आणि पाहुण्यांच्या खोलीत जाऊन एकट्यानं वरणभात खाल्ला. चमेलीबाईंनी तो झाकून ठेवला होता.

गुरुवारी सकाळी नऊला, इतरांच्या आधी, मी परत त्या खोलीत गेलो. भिंगं पंचावन्नवर होती. रबरी कडा वर उचललेल्या होत्या. दिव्याच्या आकड्यात सहा मिनिटं वाढली होती.

वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

४

माणसाच्या दोन बाहुल्यांतलं अंतर हे त्याच्या बोटाच्या ठशासारखंच त्याचं असतं, निदान चार खोल्यांच्या प्रयोगशाळेत तेवढं पुरतं. मी तिघांनाही आळीपाळीनं भिंगाशी बसवलं आणि नीट दिसेल असं लावा म्हटलं. नीतू एकसष्ट. हिमांशू पासष्ट, तोही चष्म्यासकट. कटरे सहासष्ट, आणि कुरकुर वेगळी. पंचावन्न कुणीच नाही.

मी हात टेकले. प्रयोगशाळेत तीन माणसं, आणि भिंगाला डोळा लावणारं माणूस त्यांच्यातलं नाही.

ही माझी चूक मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मी तीन माणसं मोजली. चौथं माणूस तेव्हा माझ्याच पुढ्यातले कप उचलत होतं.

दुपारी नीतूनं खणातून सोमवारच्या दोन वस्तू काढल्या. पाहुण्यांना तिनं त्या दाखवायचा प्रयत्न केला होता, पण तेव्हा कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. एक होतं छायाचित्र. मोजणी झाली की ती सवयीनं डबीचं दुरून एक चित्र घेते, फक्त पिवळ्या उजेडाचं. त्यात सगळीकडे पिवळ्या पेशी होत्या आणि बरोबर मध्ये, जिथे तिनं मोजलं होतं तिथे, एक काळपट डाग होता. वाटोळा.

"तुमचा लेसर कसा फिरतो?" मी विचारलं.

"ओळीनं. चौकोनात."

"मग हा डाग चौकोनी हवा होता."

हिमांशू खुर्चीतून अर्धा उठला. लेसरची नजर चौकोनी असते. वाटोळा उजेड पडतो तो डोळ्यांच्या भिंगाच्या दिव्याचा. चमकणारे रेणू फार उजेड सोसत नाहीत, झगझगीत दिव्याखाली धरले की थकतात आणि कायमचे विझतात. सोमवारी मोजणीच्या आधी कुणीतरी त्या जागेकडे डोळे लावून बसलं होतं, पिवळ्या रेणूंनाच उजळणाऱ्या दिव्यात, निदान अर्धा-पाऊण तास. पिवळा विझला. मग निळ्यानं उजेड द्यायचा कुणाला? तो एकटाच चमकत राहिला, आणि यंत्रानं इमानेइतबारे सांगितलं की जोडी सुटली.

"कुणीतरी मुद्दाम केलं," हिमांशू म्हणाला.

तेवढ्यात मी दुसरी वस्तू पाहिली. ते त्याच डबीचं झाकण होतं. त्यावर औषधाचा क्रमांक होता आणि खाली हिमांशूच्या गिचमिड अक्षरात एक शब्द: कल.

"हे काय?"

"कल म्हणजे उद्या," तो म्हणाला. "रविवारी तयार केली, सोमवारला लावायची होती. जल्दी में था, तारीख टाकायची राहिली."

नीतूनंही ते तसंच वाचलं होतं. गोंदियात कुणीही तसंच वाचेल. पण मला माठावरची चिठ्ठी आठवली, आणि ज्या माणसाला काना मनानं लावून घ्यायची सवय आहे त्यानं सोमवारी सकाळी हा शब्द कसा वाचला असेल ते कळलं.

मी दोघांना काही बोललो नाही. शुक्रवारी सातच्या आधी उठायचं ठरवलं.

५

काळा पडदा मी हळूच बाजूला केला. चमेलीबाई स्टुलावर बसल्या होत्या, पदर खोचलेला, दोन्ही डोळे भिंगाला. शेजारी ट्रेमध्ये कालच्या वापरलेल्या डब्या आणि जंतुनाशकाची बाटली. त्यांना माझी चाहूल लागली पण त्या दचकल्या नाहीत. दिवा बंद केला, अगदी नीतू करते तसा, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

मीही दुसऱ्या स्टुलावर बसलो. त्यांनी कंबरेचा बटवा सोडला आणि त्यातून पुठ्ठ्याचा एक बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. कडा झिजून मऊ झालेल्या. त्यावर सातचा आकडा होता आणि अर्जुनी मोरगावच्या शिबिराचा पुसट शिक्का.

"माही पोरगी जी. चंचल," त्या म्हणाल्या. "रांगेत सातवी होती."

चंचल एकोणीस वर्षांची असताना गेली. त्यानंतर वर्षभरानं शिबिरातल्या नर्सबाईंनी सहज सांगितलं, तुमच्या मुलीचं रक्त बिरसीच्या प्रयोगशाळेत अजून जिवंत आहे, वाढून राहिलं आहे. चमेलीबाईंनी गाव सोडलं, बिरसीत खोली घेतली आणि झाडायचं काम धरलं. डब्यांवर अमो-सात वाचलं तेव्हा त्यांना कुणाला विचारायची गरज पडली नाही. आणि काम काय मिळालं, तर रोज सकाळी त्याच डब्यांत जंतुनाशक ओतायचं.

"ओतायच्या आधी पायतो जी जरासं," त्या म्हणाल्या. "मोहाची फुलं पडल्यावानी दिसते. पाच मिंट. मंग ओततो."

"सोमवारी?"

"त्या दिवशी तिले जाऊन तीन वर्षं झाली." त्यांनी ट्रेमधली एक डबी सरळ केली. "डबी मधल्या फळीवर होती. हिमांशूभाऊनं काल लिहून ठेवलं होतं. म्हटलं, कालची आहे, टाकायचीच आहे, पाह्यलं तर कोणाचं का जाते. लय वेळ पायत बसली. पायता पायता ते हळूहळू झोपून गेले जी सारे. मंग ओतणं झालंच नाई माह्यानं. होती तिथंच ठेवून देल्ली."

मला सांगणं भाग होतं. पेशी झोपल्या नव्हत्या, बघितल्यानं त्यांचा उजेड विझला होता, आणि त्यापायी नीतूवर बनावटीचा आळ आला होता. मी आयुष्यात पुष्कळ वाईट बातम्या दिल्या आहेत, पण त्या यंत्रांच्या मालकांना. एका आईला, तुमच्या बघण्यानंच विझलं, असं सांगायची वेळ पहिल्यांदाच आली. मी जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं.

वर एक विमान वळून गेलं.

"म्हणजे दवाई सुटली नोहोती जी? चिकटून होती?"

"चिकटूनच होती. एकाचा उजेड गेला होता, एवढंच."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग बिल्ला परत बटव्यात घातला आणि उठल्या.

"चला. कटरे साहेबाले मीच सांगतो. नीतूताई एकटीच जेवून राहिली चार दिवसापासून."

६

शनिवारी सकाळी सगळे त्या खोलीत बसलो. समितीच्या बाई फोनच्या पडद्यावर होत्या. मी दोन डब्या घेतल्या, एकाच वेळी तयार केलेल्या. एकीला थेट मोजलं, पिवळा आला. दुसरीच्या मधल्या जागेवर चाळीस मिनिटं दिवा सोडला आणि मग मोजलं. निळा आला, आणि दुरून घेतलेल्या चित्रात काळपट वाटोळा डाग. शेजारच्या, दिव्याखाली न आलेल्या पेशी पिवळ्याच. बाईंनी चष्मा पुसला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या की नीतूचे आधीचे आकडे खरे धरायला हरकत नाही. औषध चिकटतं. काम चालू ठेवा.

नीतू रडली नाही. तिनं वहीत वेळ लिहिली आणि मग पेन तसंच हातात धरून बसली.

फोन बंद झाल्यावर कटरे म्हणाले, चमेलीबाईंना इथून हलवावं लागेल, नियम आहे. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. चमेलीबाई भिंतीपाशी स्टुलावर होत्या. त्यांनी मान हलवली, आधीपासून ठाऊक असल्यासारखी.

"सर, गलती मेरी है," हिमांशू म्हणाला. "तारीख टाकायची होती, मी कल टाकलं. मला हलवा."

नीतू बोलली तेव्हा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "दोन वर्षं मी ह्या पेशींबरोबर आहे, सर. मी एकदाही विचारलं नाही कुणाच्या आहेत. चमेलीबाई रोज निरोप देत होत्या. त्यांना हलवलं तर डब्यांत जंतुनाशक मी ओतणार नाही."

कटऱ्यांनी चमेलीबाईंकडे हात केला. त्यांनी बिल्ला दिला. शिक्का कटऱ्यांच्याच शिबिराचा होता, आकडाही बहुतेक त्यांच्याच हातचा. ते खूप वेळ तो उलटसुलट करत राहिले. मला दिसत होतं की ते एक चेहरा आठवायचा प्रयत्न करत आहेत आणि तो काही केल्या आठवत नाही. शेवटी बिल्ला परत देऊन म्हणाले, "राहू द्या. पण वहीत मिनिटं लिहायची, बाई."

नागपूरला माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून रविवार मी तिथेच काढला. पिशवीत एक करडी काच होती, एका जुन्या यंत्राची. ती दिव्यापुढे बसवली. आता भिंगातून कमी उजेडात दिसतं, पण अर्धा तास पाहिलं तरी विझत नाही. असं काही करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बिलातही ते लावलं नाही.

सोमवारी निघायच्या आधी, सकाळी सातनंतर, मी त्या खोलीत डोकावलो. चमेलीबाईंनी खालच्या फळीवरून डब्या काढल्या होत्या. त्यात एक त्यांच्यासाठी वेगळी ठेवलेली होती, न वापरलेली, ताजी. झाकणावर हिमांशूचं अक्षर होतं, पण या वेळी घाई नव्हती. त्यानं लिहिलं होतं "काल", आणि काना दोनदा गिरवून जाड केला होता.

चमेलीबाईंनी ते वाचलं. मग वही ओढून सात वाजून दहा मिनिटं अशी वेळ लिहिली आणि भिंगं पंचावन्नवर आणली. मी बाहेर आलो आणि उजेड आत जाऊ नये म्हणून दार नीट लावून घेतलं.